जुने २० टनी पोकलेन घ्यायचे आहे : मीटरवरच्या तासांवर किती विसंबावे?

निफाडचा_जेसीबीवाला (प्रश्न)

नमस्कार. मी निफाड तालुक्यातला आहे. गेली सात वर्षे माझ्याकडे एक जेसीबी आहे आणि पाइपलाइनच्या चाऱ्या, घरांचे पाये, द्राक्षबागेतले मातीकाम अशी कामे त्यावर चालतात. गेल्या दोन हंगामांत मात्र शेततळी आणि रस्त्याच्या भरावासाठी मुरूम उचलण्याची विचारणा इतकी वाढली आहे की दर वेळी दुसऱ्याचे पोकलेन भाड्याने लावावे लागते, आणि महिनाअखेरीस हिशेब मांडला की धावपळ माझी आणि शिल्लक मशीनवाल्याची, असे दिसते. त्यात सिंहस्थाच्या कामांमुळे नाशिक शहराच्या आसपासची बरीचशी मशीन गुंतलेली आहेत, त्यामुळे भाड्यानेही ती वेळेवर मिळत नाहीत. म्हणून स्वतःचे एक जुने, चेनचे मशीन घेण्याचा विचार पक्का केला आहे.

बजेट २५ लाखांचे आहे आणि त्यातच ट्रेलरचे भाडे व पहिली दुरुस्ती बसवायची आहे. दोन मशीन पाहून ठेवली आहेत. पहिले कोमात्सु पीसी २१०-८, सन २०१४ चे, मीटरवर ९,४०० तास. मालक सिन्नर भागातले असून मशीन अजून कामावर आहे. दुसरे महामार्गालगतच्या एका यार्डात उभे आहे. ते अधिक जुन्या धाटणीचे, मेकॅनिकल डिझेल पंपाचे २० टनी मशीन आहे. मीटरवर ६,१०० तास, अंगावर नवा रंग, आत नवी सीट, आणि किंमत पहिल्यापेक्षा तीन लाखांनी कमी. घरच्यांचा कल साहजिकच दुसऱ्याकडे आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मीटरवरच्या तासांवर किती विसंबावे? मेकॅनिकला नेण्याआधी मी स्वतः काय तपासू शकतो? आणि माझ्या कामाला २० टनी मशीन मोठे होईल का, १४ टनी पुरेल का?

अंबडचा_फिटर

मी २२ वर्षे हायड्रॉलिकचे काम करतो. आपल्या प्रश्नांचा क्रम मला थोडा उलटा वाटतो. ९,४०० आणि ६,१०० हे आकडे समोरासमोर ठेवण्याआधी ते तास कोणत्या जमिनीत गेले हे विचारायला हवे. निफाडच्या काळ्या मातीत बकेटवर गेलेले हजार तास आणि खाणीत काळ्या पाषाणावर ब्रेकर (खडक फोडायचा हातोडा) लावून गेलेले हजार तास मीटरला सारखेच दिसतात, मशीनला मात्र ते सारखे नसतात. आपल्या जिल्ह्यात मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली बेसाल्ट, त्यामुळे इथले २० टनी मशीन कधी ना कधी ब्रेकरला जुंपले गेलेले असतेच, असे धरून चाला आणि किती काळ जुंपले होते ते शोधा. विक्रेते ब्रेकर काढून ठेवतात, बूमवरून, म्हणजे मशीनच्या मुख्य हातावरून, गेलेली त्याची जादा पाइपलाइनही काढतात. पण पाइपाचे क्लॅम्प जिथे वेल्ड केलेले असतात तिथे कितीही घासून रंग मारला तरी हात फिरवला की उंचवटे लागतात. कॅबमध्ये जादा पेडल किंवा त्यासाठी पाडलेले भोक दिसते का, तेही पाहा.

ब्रेकरवर फार राबलेल्या मशीनची बूम आणि तिच्या पुढचा, बकेट धरणारा आर्म तडकतात. बूमचे बूड, बूम सिलेंडर जिथे बूमला जोडले जाते ती जागा आणि आर्मचे टोक या तीन ठिकाणी रंग इतर भागापेक्षा जाड असेल तर संशय घ्यावा. जागा पुसून रॉकेल लावा, पाच-दहा मिनिटांनी कोरडी पुसा आणि वर खडूची भुकटी चोळा. तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल वर येऊन पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. मात्र ही रेघ उमटायला आधी तेवढ्या पट्ट्यातला रंग खरवडावा लागतो, आणि खरवडू द्यायला यार्डवाला तयार नसेल तर तेही एक उत्तरच समजा.

आता चेन. चेनच्या मशीनवर आयुष्यभरात होणाऱ्या देखभालीच्या खर्चापैकी निम्म्याच्या आसपास खर्च खालच्या भागावर, म्हणजे चेन, रोलर, आयडलर (चेनच्या पुढच्या टोकाचे चाक) आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) यांच्यावर होतो. तरीही गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज ऐकण्यात रमते आणि चेनकडे वाकूनही पाहत नाही. स्टीलची टेप बरोबर न्या. स्प्रॉकेटच्या दातात लाकडाचा ठोकळा अडकवून मशीन हळूच मागे घ्यायला सांगा, म्हणजे वरची चेन ताणली जाईल. मग एका पिनच्या मध्यापासून पाचव्या पिनच्या मध्यापर्यंत, म्हणजे चार कड्यांचे अंतर मोजा. पीसी २१० ची कडी नवी असताना साधारण १९०.३ मिलिमीटरची असते, म्हणजे चार कड्या ७६१ भरतात. कडी १९३.३ पर्यंत ताणली की तिची मर्यादा संपते; चार कड्यांचे तेव्हा ७७३ होतात. या १२ मिलिमीटरमध्ये चेनचे सगळे आयुष्य आले. दोन्ही बाजू, प्रत्येकी दोन-तीन ठिकाणी मोजा. स्प्रॉकेटचे दात शार्कच्या दातासारखे टोकदार झाले असतील, तर नुसती चेन बदलून भागत नाही.

चेन ढिली पडू नये म्हणून आयडलरमागे ग्रीस भरायचा ॲडजस्टर असतो. तो पूर्ण बाहेर आलेला असेल तर चेन ताणून संपली आहे. काही जण अशा वेळी एक कडी कमी करून चेन पुन्हा घट्ट करतात आणि मशीन विकायला उभे करतात. दोन्ही बाजूंचे शू, म्हणजे प्रत्येक कडीवरच्या लोखंडी पट्ट्या, मोजायला पाच मिनिटे लागतात. ते काम मात्र कोणीच करत नाही.

इंजिनासाठी एकच आग्रह धरा : मशीन थंड हवे. आपण पोहोचण्याआधीच सुरू करून ठेवलेले असेल तर परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा. थंड इंजिन किती फिरल्यावर लागते, धूर कसला येतो हे पाहा. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर हरकत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि लोड पडल्यावर काळा धूर राहतच असेल तर हवा, टर्बो किंवा इंजेक्टर यांपैकी कुठेतरी दोष आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण काढून वर पालथे ठेवा. ते थोडे थरथरेल. पण उडायला लागले किंवा खालून वाफेसारखा धूर सतत येऊ लागला, तर पिस्टन रिंगांची वेळ झाली आहे.

हायड्रॉलिकची परीक्षा मशीन गरम झाल्यावर घ्यायची असते, कारण थंड तेल जाड असते आणि झिजलेला पंपही त्यात बरा चालतो. निदान एक तास खोदकाम करू द्या, तेल ५० अंशांच्या आसपास येऊ द्या, आणि मग बूम, आर्म व स्विंग (वरचा भाग फिरवणे) एकाच वेळी चालवा. सकाळी चपळ असलेले मशीन दुपारी सुस्तावत असेल तर पंपाची आतली गळती वाढली आहे. बूम वर उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटांत बकेट किती खाली आली ते पाहा. सपाट जागेवर दोन्ही ट्रॅव्हल लिव्हर पूर्ण दाबून मशीन सरळ पळवा. २० मीटरांत २०० मिलिमीटरपर्यंतची ओढ चालते, त्याहून जास्त असेल तर एका बाजूची ट्रॅव्हल मोटर किंवा पंपाचा एक भाग मंदावला आहे. स्लू बेअरिंगसाठी, म्हणजे वरचा भाग ज्यावर फिरतो त्या बेअरिंगसाठी, बकेट जमिनीवर दाबून मशीनचा पुढचा भाग उचलायला आणि परत टेकवायला लावा, आणि त्या वेळी बेअरिंगच्या फटीकडे पाहत राहा; फट उघडझाप करताना डोळ्यांना दिसत असेल तर खर्च मोठा आहे.

फायनल ड्राइव्हचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या गिअरबॉक्सचे, तेल दोन्ही बाजूंनी चमचाभर काढून तळहातावर घ्या आणि उन्हात धरा. काळे असेल तर फक्त जुने आहे. चांदीसारखे चमकत असेल तर गिअर खाल्ले जात आहेत.

चांदवड_माती_मुरूम

फिटरसाहेबांनी बहुतेक सगळे सांगितले आहे, मी फक्त आकाराबद्दल लिहितो. ३० बाय ३० बाय ३ मीटरचे, एकास एक उताराचे शेततळे धरले तर त्यातून २,१९६ घनमीटर माती निघते. एक घनमीटरच्या आसपासची बकेट असलेले २० टनी मशीन मऊ मातीत, बांधावर माती टाकत, माझ्या अनुभवाप्रमाणे तासाला ८० ते ९० घनमीटर काढते, म्हणजे तळे साधारण २६ तासांत होते. १४ टनी मशीन अर्ध्या घनमीटरच्या बकेटवर तासाला ५० च्या आसपास काढते. त्याला ४४ तास लागतात. डिझेल मोठे मशीन तासाला १४ लिटर आणि छोटे ९ लिटर खाते असे धरले, तर मोठ्याला ३६४ आणि छोट्याला ३९६ लिटर लागले. म्हणजे छोटे मशीन डिझेल वाचवते हा समज तळ्याच्या कामात टिकत नाही, वर ऑपरेटरचे जवळजवळ दोन दिवस जास्त जातात. आणि मुरूम लागला की १४ टनी मशीन रडते.

छोट्याचा फायदा वेगळा आहे. द्राक्षबागेत तारांच्या ओळींमधून, गावातल्या गल्लीतून आणि शेतातल्या अरुंद वाटेने ते जाते, आणि त्याला वाहून न्यायला हलका ट्रेलर पुरतो. पण ती कामे आपला जेसीबी करतोच आहे. तेव्हा २० टनीच घ्यावे.

येवल्याहून

रंगाबद्दल मला लिहायलाच हवे, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. चार वर्षांपूर्वी मी जिल्ह्याबाहेरच्या एका विक्रेत्याकडून असेच नवा रंग दिलेले मशीन घेतले. मीटर ५,८०० तास दाखवत होते. सीटचे कव्हर नवे होते, काचा नव्या होत्या, आणि मी हुरळून गेलो. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या ऑपरेटरने मला कॅबमध्ये बोलावले आणि लिव्हरच्या मुठी दाखवल्या. त्यांवरची रबराची नक्षी पूर्ण गुळगुळीत झाली होती, आणि ट्रॅव्हल पेडलवर उजव्या पायाच्या टाचेएवढा खड्डा पडला होता. ५,८०० तासांत लोखंड असे झिजत नाही. मॉनिटर बदललेला होता, मीटर त्याच्याबरोबर आले होते.

पुढच्या आठ महिन्यांत पंप उघडावा लागला. रिटर्न फिल्टर कापून पाहिला तेव्हा कागदाच्या घड्यांमध्ये पितळेचा चुरा सोन्याच्या भुग्यासारखा बसला होता. हा फिल्टर मी खरेदीआधी काढून पाहिला असता तर दोनशे-तीनशे रुपयांच्या सीलच्या खर्चात हे आधीच कळले असते. विक्रेत्याने नंतर फोन उचलणे बंद केले. 'जसे आहे तसे' या अटीवर मीच सही केलेली होती, त्यामुळे तक्रारीला तोंडही नव्हते.

म्हणून आपल्याला सांगतो, ६,१०० तासांचा दावा करणाऱ्या मशीनच्या मुठी, पेडल आणि कॅबच्या पायरीची कड पाहा. आणि शक्य असेल तर कंपनीच्या डीलरकडे सिरियल नंबर देऊन सर्व्हिसचा इतिहास मागवा. पीसी २१०-८ वर कोमट्रॅक्स असते, त्यात कामाचे तास आणि डिझेलची नोंद जाते. सध्याच्या मालकाने संमती दिली तर डीलरकडून ती माहिती मिळू शकते. जुन्या मशीनवर ही सोय नसते, तिथे डोळे आणि टेपच.

कागदपत्रे_आधी

माझा व्यवसाय मशीनच्या कर्जांची कागदपत्रे तपासण्याचा आहे, म्हणून एवढेच लिहितो. जेसीबी टायरवर चालतो, त्याला आरटीओचे आरसी बुक असते आणि मालक कोण हे त्यावरून कळते. चेनच्या पोकलेनला सहसा तसे बुक नसते. त्यामुळे पहिल्या खरेदीचे मूळ टॅक्स इनव्हॉइस आणि त्यानंतर मशीन जितक्या हातांतून गेले तितक्या विक्रीची बिले, ही साखळी हाच मालकीचा पुरावा ठरतो. झेरॉक्सवर व्यवहार करू नये. इनव्हॉइसवरचा सिरियल नंबर प्लेटशी आणि प्लेटवरचा नंबर चेसिसवर ठोकलेल्या नंबराशी जुळला पाहिजे. इंजिनाचा नंबर वेगळा असेल तर इंजिन बदलल्याचे बिल मागावे. एकाच कंपनीच्या अनेक मशीनना एकच किल्ली लागते, हे आपणांस जेसीबीमुळे माहीत असेलच, त्यामुळे चोरीच्या मशीनचा धोका ऐकीव नाही.

मशीन कर्जावर घेतलेले असेल तर फायनान्स कंपनीचे ना हरकत पत्र विक्रेत्याच्या हातून न घेता त्या शाखेतून स्वतः पडताळून घ्यावे. सेरसाईच्या, म्हणजे कर्जाच्या तारणांची केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून बोजा शोधता येतो, आणि विक्रेता प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत त्याच्यावरचे चार्ज दिसतात. पैसे बँकेतूनच द्यावेत, जीएसटीचे बिल घ्यावे, आणि ट्रेलर निघण्यापूर्वी ई-वे बिल तयार असावे. विम्यासाठी कॉन्ट्रॅक्टर्स प्लांट अँड मशिनरी ही पॉलिसी विचारा. ट्रेलरवरून उतरवताना मशीन कलंडले तर ते त्यात बसते का, हे आधी वाचून घ्या.

निफाडचा_जेसीबीवाला

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी आणि रविवारी दोन्ही मशीन पाहून आलो, त्याचा वृत्तांत देतो.

यार्डातले मशीन आधी पाहिले. न सांगता सकाळी सातला गेलो, इंजिन थंड होते आणि खरे सांगायचे तर एका झटक्यात लागले. धूरही स्वच्छ होता. मी जवळजवळ मनाने ते घेतलेच होते. मग शू मोजायला बसलो. डाव्या बाजूला ४९ भरले आणि उजव्या बाजूला ४८. मला वाटले माझीच चूक झाली, म्हणून खडूने खूण करून पुन्हा मोजले, बरोबर आलेल्या पुतण्याकडूनही मोजून घेतले. ४८ च. उजव्या बाजूचा ॲडजस्टरही शेवटाला आलेला होता. बूमच्या बुडाशी रंग खरवडू का, असे विचारल्यावर यार्डवाल्यांनी ‘रंग बिघडेल’ म्हणून नकार दिला. मी चहा घेऊन निघालो.

सिन्नरच्या मालकांनी मात्र स्वतःच झाकणे उघडून दिली. चार कड्यांचे माप डावीकडे ७६९ आणि उजवीकडे ७६८ आले. स्प्रॉकेट झिजलेला आहे, पण टोकदार नाही. एक तास मुरमात चालवल्यावर वेग कमी झाला नाही, आणि सरळ पळवताना २० मीटरांत वीतभरापेक्षा कमी ओढ दिसली. दहा मिनिटांत बकेट दोन-तीन बोटे खाली आली. आर्मच्या टोकाचे बुश (पिनभोवतीची नळी) मात्र ढिले आहे. बकेट टेकवून आर्म हलवला की ठक असा आवाज येतो. ब्रेकर दीड वर्ष लावला होता हे त्यांनी आपणहून सांगितले. उजव्या फायनल ड्राइव्हचे तेल काळे आहे, डाव्याचे थोडे चमकते असे मला वाटले, पण खात्री नाही. बाटलीत भरून आणले आहे. ते २१ लाख मागत आहेत.

अंबडचा_फिटर

माप चांगले घेतलेत. १२ पैकी ८ मिलिमीटर गेले, म्हणजे चेनचे दोन तृतीयांश आयुष्य संपले आहे. पण बुश एकाच अंगाने झिजलेले असतील तर पिन-बुश फिरवून एक हंगाम, कदाचित दोन, निघतील. पुढच्या वर्षी पूर्ण चेन, रोलर आणि स्प्रॉकेट यांचा खर्च येणार हे गृहीत धरून त्याचे कोटेशन आजच सुटे भाग विकणाऱ्या दोन दुकानांतून लेखी घ्या आणि ते कागद टेबलावर ठेवूनच किमतीचे बोला. मालक सरळ दिसतात, ते ऐकतील. आर्मच्या बुशाचे बोरिंग स्थानिक वर्कशॉपमध्ये होते, त्यावर फार अडून बसू नका.

डाव्या फायनल ड्राइव्हच्या बाबतीत अंदाज नको. बाटलीतले तेल ऑइल टेस्टिंगच्या लॅबला पाठवा, त्याच वेळी इंजिनाचे आणि हायड्रॉलिकचे नमुनेही द्या. रिपोर्टमध्ये लोह आणि सिलिकॉन दोन्ही वर असतील तर सील फाटून धूळ आत गेली आहे आणि गिअर झिजत आहेत. तांबे वर असेल तर हायड्रॉलिक पंपाकडे पाहावे लागेल. रिपोर्ट येईपर्यंत टोकन देऊ नका, द्यायचेच झाले तर ‘फायनल ड्राइव्हच्या तपासणीच्या अटीवर’ असे पावतीवर लिहून घ्या.

आणखी एक सूचना, जी वर राहून गेली. पीसी २१०-८ चे इंजिन कॉमन रेल आहे, म्हणजे त्यात डिझेल फार जास्त दाबाने इंजेक्टरमधून जाते. आपण सध्या जेसीबीला शेतात ड्रममधून पंपाने डिझेल भरत असाल. तेच या मशीनला केले तर ड्रममधल्या पाण्याने आणि गाळाने इंजेक्टर एका पावसाळ्यात जातील. वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या भागाच्या) वाटीतले पाणी रोज सकाळी सोडा, आणि डिझेलच्या ड्रमच्या तळाचे शेवटचे दहा लिटर या टाकीत कधीही ओतू नका.

निफाडचा_जेसीबीवाला

तेलाच्या तीन बाटल्या आज कुरिअरने पाठवल्या. मालकांनी रिपोर्ट येईपर्यंत आठ दिवस मशीन दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही असे सांगितले आहे, आणि चेनचे कोटेशन पाहून किमतीचे बोलू असेही म्हणाले. ड्रममधून डिझेल भरण्याची सवय मला खरोखरच होती. रिपोर्ट आला की इथे कळवतो.